शिडावरचा अंगठा

३ मार्च

प्रिय बाळ,

तुझं उत्तर येत नाही म्हणून मी लिहायचं सोडीन असं तुला वाटत असेल, तर तू अजून आपल्या मामाला पुरती ओळखत नाहीस. जन्मभर लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडून बसलो. वाट बघणं एवढंच काय ते माझं शिक्षण. फोन तू उचलत नाहीस, ठीक आहे. पत्र उचलावं लागत नाही, ते दाराच्या फटीतून आपलं आपण आत येतं.

इकडे बरं आहे. घड्याळाचं दुकान विकल्यापासून मी दिवसभर मामीच्या पायात पायात करतो, असं तिचं म्हणणं. परवा म्हणाली, "अहो, ते तुमचं भंगार तरी एकदा आवरा. कपाट उघडलं की अंगावर येतं." भंगार म्हणजे माझी जुनी नाणी, हे तुला सांगायला नको. म्हटलं चला, आवरू. दिवसभर पाकिटं काढत, बघत, परत ठेवत बसलो. आवरलं काहीच नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिथे येतो, आणि तिथेच पेन अडतंय.

ते जहाजाचं नाणं तुला आठवतं का? चांदीचं. एका बाजूला कुठल्याशा राणीचा झिजलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला शीड फुगलेलं जहाज. आपली भिंगरी शेवटच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा सकाळी उठल्याउठल्या तेच मागायची. मी शिकवलं होतं तिला, नाणं कडेनं धरायचं, पोटाला हात लावायचा नाही, त्याला गुदगुल्या होतात. शहाण्यासारखी धरायची. पण एकदा तुझी मामी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत फिरत होती. ते बघून पोर अशी हसली, अशी हसली, की नाणं मुठीत आवळून जमिनीवर लोळली. मी ते घेतलं आणि पाकिटात ठेवून दिलं. तेव्हा त्याच्यावर काही दिसत नव्हतं.

चांदीला बोटाचा घाम लागला तर लगेच कळत नाही, बाळ. तो हळूहळू आत खातो आणि वर्षा-दोन वर्षांनी काळसर होऊन वर येतो. आम्हा छंदवाल्यांच्या लेखी ते नाणं मग बिघडलं. अदलाबदलीतही कुणी घेत नाही.

काल पाकीट उघडलं. जहाजाच्या शिडावर अंगठा उमटलाय. एवढासा. एकेक रेघ वेगळी दिसावी इतका स्वच्छ. आणि मधून एक आडवी फट गेलीय, दारात बोट सापडून टाके पडले होते ना, ती.

पोर जाऊन वर्ष उलटून गेलं. तुझं काळीज अजून ओलं आहे, हे तुला लिहावं की न लिहावं, मला कळेना. पत्र दोनदा फाडलं. शेवटी मामी म्हणाली, "लिहा. तिची वस्तू आहे. आपण कोण ठेवून घेणारे?"

तुझा मामा


१० मार्च

मामा,

ते नाणं मला पाठव. हे पत्र वाचून झालं की लगेच पाठव. पुसू नकोस. कुणाला दाखवू नकोस.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, रागवू नकोस. लिहायला बसले की पहिल्या ओळीतच ती यायची, आणि मग मी पेन ठेवून द्यायची.

तुला माहीत नाही मामा, या घरात तिचं काही उरलेलं नाही. मी आईकडे पडून होते त्या आठवड्यात यांनी सगळं देऊन टाकलं. फ्रॉक, बूट, रंगाच्या पेट्या, छोटी खाट. भिंतीवर तिनं काढलेल्या रेघोट्यांवर रंगसुद्धा मारून घेतला. मी परत आले तर घर कसं, नुकतंच भाड्यानं घेतल्यासारखं. मी विचारलं, का? तर म्हणाले, "असू दे." एवढंच. तेव्हापासून यांनी तिचं नावही तोंडातून काढलेलं नाही. कारखान्यातून येतात, हात धुतात, जेवतात, आडवे होतात. मी एकदा नुसतं "भिंगरी" म्हटलं, तर उठून गॅलरीत गेले.

एक केसांची पिन सापडली होती मला कपाटाखाली. तीही कुठे गेली कळत नाही.

यांना यातलं काही कळवू नकोस. तुझ्या पाया पडते.


१६ मार्च

बाळ,

नाणं याच टपालानं रजिस्टर करून पाठवतो आहे. आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझा छंदातला दोस्त, जुना टपालमास्तर, त्यानं स्वतः बांधून दिलं. तो म्हणाला, "लग्नातल्या दागिन्यालाही एवढं गुंडाळत नाहीत, काय पाठवतोयस?" मी म्हटलं, बिघडलेलं नाणं. त्यानं आणखी एक गाठ मारली.

आता मामाचं नीट ऐक. कडेनंच धर. कापडानं पुसू नकोस, फुंकर मारू नकोस. ओल्या हातानं तर मुळीच नको. साध्या कोरड्या कागदात ठेव. रबर गुंडाळू नकोस, रबर चांदीला खातं. काळं दिसतं म्हणून कुणी घासायला सांगेल, तर त्याला घरातून हाकल. जुनं नाणं घासणं यासारखं पाप आमच्यात दुसरं नाही. चाळीस वर्षांत मी एक नाणं घासलेलं नाही की घासू दिलेलं नाही. तुझ्या मामीनं एकदा चिंच घेऊन सुरुवात केली होती, तेव्हा आमचा संसार मोडायला आला होता.

एक सांगू? जावईबापूंना दाखव. मला माणसाचं फार कळतं असं नाही, पण घड्याळ बंद पडलं म्हणजे ते रिकामं झालं असं नसतं. आत सगळं तसंच्या तसं असतं, नुसतं अडकलेलं. तेही तिचे बाप आहेत ना गं.

तरी तुझी मर्जी. मी माझ्याकडून एक शब्द बोलणार नाही.

मामा


२९ मार्च

मामा,

पोचलं.

सकाळी हे कामावर गेल्यावर दार लावून उघडलं. आधी काहीच दिसेना, नुसतं काळपट. मग खिडकीशी तिरपं धरलं आणि एकदम आलं वर. तीच आहे. ती फट. त्या दिवशी टाके घालताना ती रडली नव्हती, डॉक्टरांना म्हणाली होती, "दोराचा रंग गुलाबी घ्या."

मी त्यावर माझं बोट ठेवलं नाही. जवळ नेलं फक्त. माझ्या नखाएवढा तिचा सगळा अंगठा.

शिवणयंत्राच्या खणात ठेवलंय, बॉबिनांच्या खाली, तू सांगितलंस तसं कागदात. हे त्या खणाला कधी हात लावत नाहीत. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा काढते, बघते, ठेवते. पडद्यांची दोन कामंही घेतली आहेत, म्हणजे यंत्रापाशी बसायला निमित्त. बऱ्याच दिवसांनी पाय चालवला तर पट्टा घसरतोय.

यांना दाखव म्हणालास. नाही दाखवणार. ते हेही देऊन टाकतील. सगळं जाऊन एवढंच राहिलंय, मामा. एवढं मला माझं असू दे.

मामींना सांग, त्यांच्या चष्म्याचे उपकार झाले.


९ जून

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. चूकभूल पोटात घाला. आज एक गोष्ट घडली, ती तुम्हाला कळवावी असं वाटलं, कारण तुमच्यामुळेच घडली.

गेले दोन-अडीच महिने हिच्यात फरक आहे. उठते, यंत्रावर बसते. दुपारी शेजारणीशी बोलते असं कळलं. मला कारण समजत नव्हतं. काल ती बाजारात गेली असताना म्हटलं, यंत्राचा पट्टा घसरतो म्हणून कुरकुर करते तो बसवून टाकू. पेचकस शोधायला खण उघडला तर बॉबिनांखाली कागदात एक चांदीचं नाणं. काळं पडलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे हिनं तुमचा छंद धरला आहे आणि मला सांगायला लाजते आहे.

मामा, मला बोलता येत नाही. तुम्हाला माहीत आहे. पोरगी गेल्यावर ही तिचा फ्रॉक तोंडावर घेऊन दिवस दिवस बसायची, खायची नाही. डॉक्टर म्हणाले असंच चाललं तर हिचंही कठीण आहे. मी घाबरलो. घरातलं सगळं उचलून दिलं. चूक की बरोबर कोण जाणे. तेव्हापासून हिच्याशी काय बोलावं मला सुचत नाही. पण धातू मला कळतो. वीस वर्षं लेथवर आहे. म्हटलं बोलता येत नाही तर नाही, निदान हे करू.

नाणं कारखान्यात नेलं. चाकावर लावलं नाही, नक्षी गेली असती. जेवणाच्या सुट्टीत हातानंच, नमद्याच्या जाड लोकरी तुकड्यावर पॉलिशचं मेण घेऊन बसलो. राणीची बाजू लगेच आली. जहाजाच्या शिडावर मात्र एक डाग होता, फार चिवट. निघता निघेना. पण मी सोडलं नाही. पुन्हा पुन्हा घेतलं. शेवटी निघाला. आता आरशासारखं झालं आहे. तोंड दिसतं.

संध्याकाळी तिच्या चहाच्या कपाशी ठेवलं. तिनं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि रडायला लागली. पोरगी गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मला बरं वाटलं. कोंडलेलं होतं ते मोकळं झालं असेल.

हिचा वाढदिवस जवळ आला आहे. कुठलं नाणं घ्यावं, कुठे मिळेल, तेवढं कळवा. मी पॉलिश करूनच देईन.

आपला


१० जून

मामा,

गेला. तिचा अंगठा गेला.

काल दुपारी खणात नाणं नव्हतं, मी घरभर शोधत होते. यांनी घासला. मला आनंद व्हावा म्हणून घासला. कपाशेजारी ठेवून हे समोर उभे, हात मागे बांधून, शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखे. इतक्या महिन्यांत यांचा चेहरा असा बघितला नव्हता. "आवडलं?" म्हणाले.

मी काय म्हणायचं होतं? तोंडाशी आलं होतं, की अहो, कुणाला पुसलंत तुम्ही. पण त्यांच्या बोटांना अजून ते काळं लागलेलं होतं. मी त्या बोटांकडे बघत राहिले. मग मला रडू आलं, तर यांनी डोक्यावर हात ठेवला. त्याच हातानं.

आज सकाळी कारखान्यात फोन करून मी विचारलं, ज्या फडक्यानं पुसलं ते कुठे आहे. म्हणाले, "धुऊन वाळत टाकलं. का गं?" म्हटलं, काही नाही.

मामा, तू लिहिलं होतंस की घाम आधी दिसत नाही, आत खातो आणि वर्षा-दोन वर्षांनी वर येतो. मग पुन्हा येईल ना? आत असेल ना थोडा? मी थांबायला तयार आहे. दोन काय, दहा वर्षं थांबते. तू फक्त हो म्हण.


१८ जून

माझ्या पोरी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी जावईबापूंचंही आलं. दोन्ही लिफाफे एकाच आकाराचे, आणि ते दोन्ही हातांत घेऊन मी पायरीवर बसून राहिलो. मामीनं वाचून दाखवा म्हटलं. मला वाचवेना. तिनंच वाचलं, आणि मग तीही बसली.

मी मास्तरांकडे गेलो. माझ्यापेक्षा त्याला चांदीचं जास्त कळतं. नाव-गाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, हातानं नुसतं पुसलं असेल तर काही आशा. मी म्हटलं, लेथवरच्या माणसानं घासलंय, तोंड दिसेपर्यंत. त्यानं हातातलं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "तेवढा थरच गेला. त्याखाली कोरी चांदी."

हो म्हण म्हणालीस. तुझ्यासाठी मी आजवर पुष्कळ गोष्टींना हो म्हटलंय, बाळ. याला नाही म्हणता येत. तू वर्षानुवर्षं ते उन्हात तिरपं धरून बघत बसशील, आणि ते मला बघवणार नाही. नाही येणार ते परत.

त्यांनी घर का रिकामं केलं ते त्यांनी मला लिहिलंय. तू फ्रॉक तोंडावर घेऊन बसायचीस म्हणून. तुलाही गमावून बसतील या भीतीनं. हे त्यांनी तुला सांगायला हवं होतं, आणि तू त्यांना नाणं दाखवायला हवं होतंस, आणि आता या दोन्हीला काही अर्थ नाही.

त्यांना खरं सांगायचं की नाही? मी रोज एक ठरवतो आणि रोज मोडतो. सांगितलंस तर तो माणूस पुन्हा आपल्या हातांकडे बघू शकणार नाही, आणि त्याच हातांवर त्याचं पोट आहे. नाही सांगितलंस तर सगळं तुझ्या एकटीच्या छातीवर. मी म्हातारा आहे, पण इतका शहाणा नाही. जे करशील त्यात तुझ्यामागे मी आहे.

मामा


२ जुलै

मामा,

रविवारी सांगायचं ठरवलं होतं. चहा टाकला, समोर बसले, "अहो, त्या नाण्याचं" एवढं म्हटलंही.

यांना वाटलं मला ते बघायचंय. उठून घेऊन आले. टेबलावर उभं केलं आणि बोटानं टिचकी मारून फिरवलं. ते असं गरगरलं मामा, नुसता उजेडाचा गोळा. आणि हे त्याच्याकडे बघत म्हणाले, "भिंगरीनं दिवसभर फिरवलं असतं."

नाव घेतलं. मी जागची हलले नाही.

मग बोलतच सुटले. मला ठाऊकच नव्हतं, मी आजारी होते तेव्हा हे तिला दोन-तीनदा कारखान्यात घेऊन गेले होते. लेथवरून लोखंडाचे कुरळे कीस निघतात ना, ती म्हणायची, "बाबा, मशीनचे केस कापताय?" एक कीस तिनं खिशात घालून आणला होता, माझ्यापासून लपवून, मी ओरडेन म्हणून. तिच्या आवाजात बोलून दाखवलं यांनी. सगळा वेळ हातात ते नाणं, आणि सदऱ्याच्या टोकानं त्याला पुसत होते. पुसायला काही उरलेलं नव्हतं तरी.

चहा तसाच राहिला. मी काही सांगितलं नाही. आता सांगणारही नाही. तिचा अंगठा माझ्याकडे होता, तिचा आवाज यांच्याकडे. एक गेला तेव्हा दुसरा बाहेर आला. मी याला बरं म्हणत नाही मामा. अंगठा मला रोज हवासा वाटतो. दुपारी हात आपोआप खणाकडे जातो.

पण त्या दिवसानंतर हे पुन्हा गप्प झालेत. हातात धातू असला तरच यांची जीभ सुटते, असं मला दिसतंय. काल नळाची तोटी घासत होते, तेव्हा दोन वाक्यं बोलले तिच्याविषयी. घरातल्या तोट्या संपल्या. दाराच्या कड्या झाल्या.

एक मागते. जीभ धजत नाही, तू नाही म्हणालास तरी चालेल. तुझ्याकडे अजून काळी पडलेली नाणी आहेत का?


९ जुलै

जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रागावू नका, म्हाताऱ्याचे हात सावकाश चालतात.

वाढदिवसाला कुठलं नाणं घ्यावं विचारलंत. विकत कशाला घेता? सोबत एक डबा पाठवतो आहे. त्यात माझी चांदीची सगळी नाणी आहेत. काही तर माझ्या आजोबांच्या वेळची आहेत, पार कोळशासारखी झालेली. माझ्या हातात आता जोर नाही आणि तुमच्यासारखा हात इकडे कुणाचा नाही. आमच्या मास्तरांना डबा बांधून द्या म्हटलं तर ते वादच घालत बसले, म्हणून मामीनं बांधला. जन्मभर ज्याला भंगार म्हणाली, ते बांधताना तिचे डोळे का भरले, ते बाईमाणसाचं तिलाच ठाऊक.

घाई करू नका. एका बैठकीला एकच घ्या. कारखान्यात नेऊ नका, घरीच टेबलावर बसा, आणि आमची पोरगी समोर बसलेली असू द्या. नुसतं हात चालवत बसू नका, तोंडही चालवा. कंटाळवाणं काम आहे, बोलत बोलत केलं की सरतं. भिंगरीविषयी बोला. तुम्हाला जे माहीत आहे ते तिला माहीत नाही, आणि तिचं तुम्हाला.

झालेली परत पाठवायची गरज नाही. आणखी लागली तर तांब्याची आहेत, ती पाठवीन.

आणि हो, कुणी शहाणा तुम्हाला सांगेल की जुनं नाणं कधी घासू नये. ऐकू नका. आमच्या छंदात ती अशीच घासून लखलखीत ठेवतात. चाळीस वर्षं मी हेच करत आलोय.

तुमचा
मामा